कोल्हापूरचे दूध, मटण आणि पशुवैद्याची जागा

कोल्हापूरच्या खाण्याचा विषय निघाला की तांबडा-पांढरा रस्सा आणि गंगावेशेतल्या कट्ट्यावरचे म्हशीचे दूध या दोन गोष्टी पहिल्यांदा आठवतात. जिल्ह्याच्या अर्थकारणात उसाच्या जोडीला दुधाचाच मान आहे. १९६३ साली स्थापन झालेला कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे सगळ्यांचा ‘गोकुळ’, आणि वारणेचा संघ यांच्यामुळे गावोगावच्या हजारो घरांचा महिन्याचा खर्च डेअरीच्या बिलावर चालतो. एवढा व्यवहार जनावराच्या पाठीवर उभा असलेल्या या जिल्ह्यात पशुवैद्याकडे मात्र आपण एकाच नजरेने पाहतो. अडलेली म्हैस सोडवणारा, रेतन करणारा, लस टोचणारा डॉक्टर, एवढीच त्याची ओळख. मांसतपासणी, दुधातून माणसाला होणारे रोग, अन्नात उतरणारे औषधांचे अंश हे विषय त्याला पदवीच्या अभ्यासक्रमात शिकवले जातात, त्यासाठी महाविद्यालयात पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र विभाग असतो, आणि तरीही नोकरीत शिरल्यावर या ज्ञानाला फारशी जागा मिळत नाही. अन्नसुरक्षा हे पशुवैद्याचे वरकड काम न राहता आयुष्यभराच्या सेवेचे क्षेत्र व्हायला हवे, आणि त्या सेवेत तपासणीहून प्रशिक्षणाचा वाटा मोठा असायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले आणि १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा मागे पडला. नव्या कायद्याच्या कलम १८ नुसार शेतकरी, त्याचे पशुधन, शेतीसाठी वापरली जाणारी सामग्री आणि शेताच्या पातळीवरचे उत्पादन यांना हा कायदा लागू होत नाही. अन्नाच्या व्याख्येतूनही जिवंत जनावर सामान्यतः वगळलेले आहे. दोन म्हशींच्या मालकामागे परवान्यांचा ससेमिरा लागू नये, हा यामागचा विचार योग्यच आहे. पण याच कायद्याचे कलम २१ असेही सांगते की कोणत्याही अन्नात पशुवैद्यकीय औषधांचे आणि प्रतिजैविकांचे अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असता कामा नयेत. हे अंश दुधात शिरतात ते गोठ्यात. म्हणजे दोष जिथे निर्माण होतो तिथे अन्न निरीक्षकाचा हात पोहोचत नाही, आणि जिथे पोहोचतो तिथे दोष दुरुस्त होण्यापलीकडे गेलेला असतो. टँकरभर दुधात मिसळलेले औषध वेगळे काढता येत नाही. ते दूध ओतूनच द्यावे लागते. गोठ्याच्या दारात कायद्याने आखलेल्या या रेषेच्या दोन्ही बाजूंना ज्याचा वावर आहे असा अधिकारी एकच, तो म्हणजे पशुवैद्य. उपचारासाठी तो गोठ्यात जातो, आणि २०११ च्या नियमांप्रमाणे अन्न सुरक्षा अधिकारी होण्यासाठी ज्या पदव्या चालतात त्यांत पशुवैद्यकाची पदवीही आहे. या दुहेरी वावराचा उपयोग करून घेणारी व्यवस्था मात्र आपण उभारलेली नाही.

दुधाबाबत देशपातळीवरचा एक चांगला पुरावा हाती आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली ११०३ शहरांतून दुधाचे ६४३२ नमुने गोळा करून तपासले. दुधातल्या भेसळीची ओरड आपण रोज ऐकतो, पण आरोग्याला घातक अशी भेसळ निघाली फक्त १२ नमुन्यांत. उलट अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष ५.७ टक्के नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त सापडले, आणि प्रतिजैविकांचे अंश १.२ टक्के नमुन्यांत. ही आकडेवारी नीट वाचली तर आपले लक्ष चुकीच्या जागी आहे हे कळते. भेसळ करणारा कुणी लबाड असतो आणि त्याला पकडून शिक्षा करता येते. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत गुन्हेगारच नसतो. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड किंवा मका दमट जागी साठवला, त्याला बुरशी लागली, जनावराने तो खाल्ला की काही तासांतच ते विष बदललेल्या रूपात दुधात उतरते. कोल्हापूरचा पावसाळा आणि इथला दमटपणा लक्षात घ्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी गावागावांत शिरले तेव्हा घरांबरोबर वैरण आणि पेंडीची पोतीही भिजली. अशी पेंड उन्हात वाळवून पुन्हा दावणीत टाकणारा शेतकरी लबाड नसतो. टंचाईत जनावर जगवण्याची त्याची धडपड असते. दुधातल्या या विषाची कायदेशीर मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम इतकी सूक्ष्म आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही आणि दूध उकळल्याने जात नाही. दूध तापवले की सगळे दोष गेले, हा आपल्या घराघरांतला विश्वास इथे उपयोगाचा नाही.

प्रतिजैविकांची गोष्टही गोठ्यातच सुरू होते. म्हशीला कासदाह झाला, म्हणजे गावच्या भाषेत दगडी झाली, की सडात औषधाची नळी सोडतात किंवा इंजेक्शन देतात. त्यानंतर किती काळ दूध वापरू नये हे औषधाच्या वेष्टनावर छापलेले असते. पण गावच्या संस्थेत दुधाचा दर ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे स्निग्धांश आणि इतर घनपदार्थांवर. ते मोजणाऱ्या यंत्राला औषध दिसत नाही. संघाच्या प्रकल्पावर चाचणी होते तोवर कित्येक घरांचे दूध एकमेकांत मिसळलेले असते. अशा वेळी तीन दिवसांचे दूध मोरीत ओतण्याचा निर्णय शेतकऱ्याने एकट्याने, स्वतःच्या तोट्यात घ्यावा ही अपेक्षा न्याय्य नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरने दूध बंद ठेवण्याचे दिवस कार्डावर लिहून द्यावेत, ते कार्ड संस्थेच्या सचिवाकडे जावे आणि तेवढ्या दिवसांच्या दुधाची अंशतः भरपाई संघाने द्यावी, असा प्रघात पाडता येईल. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे दगडी होऊच न देणे. धार काढण्यापूर्वी कास धुऊन कोरडी करणे, धार झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवणे, जनावराला लगेच खाली बसू न देणे, पंधरवड्यातून एकदा प्रत्येक सडाच्या दुधाची साधी चाचणी करणे या गोष्टींना फार पैसा लागत नाही. त्या अंगवळणी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा शिकवणारा माणूस लागतो. सहकारी संघांनी डॉक्टर गावापर्यंत पोहोचवले ही मोठी कामगिरी आहे. आता त्या डॉक्टरच्या दिवसातला काही भाग शिकवण्यासाठी राखून ठेवायला हवा.

कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तिथे शहराचा अभिमान गुंतलेला आहे. डोळ्यांसमोर धार काढलेले, पाण्याचा थेंब नसलेले दूध म्हणजे शुद्धतेची हमी असे मानले जाते. पाणी मिसळलेले नाही याची हमी त्यातून नक्की मिळते. पण म्हशीला सांसर्गिक गर्भपात किंवा क्षय असेल तर तिचे दूध कितीही ताजे असले तरी कच्चे पिणाऱ्याला धोका आहे. डेन्मार्कचे पशुवैद्य बर्नहार्ड बँग यांनी गाईंच्या गर्भपातामागचा जंतू १८९७ साली शोधून काढला. आज आपण त्याला ब्रुसेल्ला म्हणतो. माणसात त्याने येणारा ताप चढतो-उतरतो, सांधे दुखतात, घाम येतो, थकवा महिनोन्‌महिने राहतो. पिढ्यान्‌पिढ्या हे दूध पीत आलो, कुणाला काही झाले नाही, असा आक्षेप इथे हमखास येतो. त्याचे उत्तर असे की हा आजार टायफॉइड, मलेरिया किंवा संधिवात समजून उपचारला जाण्याची शक्यता मोठी असते. ज्याची चाचणीच मागवली जात नाही त्याची नोंद होणार कुठून? नोंद नाही म्हणून रोग नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. यासाठी कट्टे बंद करा असे मी म्हणणार नाही. कट्ट्यावर येणाऱ्या प्रत्येक म्हशीची ठरावीक मुदतीने ब्रुसेल्ला आणि क्षयाची तपासणी व्हावी, तिच्या कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकासह दाखला कट्ट्यावर लावलेला असावा, आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांनी दूध तापवूनच घ्यावे हे तिथे ठळक लिहिलेले असावे. २०१९ पासून केंद्र सरकारचा जो राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम चालू आहे त्यात लाळ-खुरकुताबरोबर ब्रुसेल्लाची लसही आहे. ती गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना टोचली जाते. कट्ट्याची म्हैस याच साखळीतून आलेली असेल तर कोल्हापूरची ही परंपरा अधिक निर्धास्तपणे टिकेल.

मटणाकडे वळल्यावर चित्र आणखी विस्कळीत दिसते. कत्तलखान्यांचे नियमन हा चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टातला, म्हणजे नगरसंस्थांच्या कक्षेतला विषय आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखालचे कत्तलखान्यांविषयीचे २००१ चे नियम तर थेट पशुवैद्याच्या कामाचे माप सांगतात: एका डॉक्टरने तासाला १२ पेक्षा आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत. म्हणजे एका बोकडामागे पाच मिनिटे, आणि आठ तासांचा अखंड दिवस. आता कोल्हापूरचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. इथली मागणी सारखी नसते. श्रावणात दुकाने ओस पडतात आणि त्याआधीच्या आषाढात, त्र्यंबोली देवीच्या यात्रेला पी-ढबाक वाद्यांच्या तालावर नवे पाणी वाहिले जाते त्या दिवसांत, घरोघरी मटण शिजते. एखाद्या शहरात अशा दिवशी ५०० बोकडे कापली जात असतील तर नियमाप्रमाणे सहा पशुवैद्य लागतील, तेही प्राणी एका जागी आणले गेले तर. प्रत्यक्षात कापणी दुकानाच्या मागे, गल्लीत, दारात विखुरलेली असेल तर सहा काय, साठ डॉक्टरही पुरणार नाहीत. रोज दहा लहान जनावरांपर्यंत किंवा पन्नास कोंबड्यांपर्यंत कापणाऱ्याला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते, हेही लक्षात घ्यायला हवे. कोंबडीच्या बहुसंख्य लहान दुकानांत कापणीच्या वेळी पशुवैद्य उभा असणे व्यवहारात शक्यच नाही.

यावर खवय्यांचे म्हणणे असते की आम्ही तजेलदार बोकड बघून घेतो, समोर कापून घेतो आणि तासभर शिजवतो. आम्हाला डॉक्टरचा शिक्का कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. चांगले शिजल्यावर बहुतेक जंतू मरतात. पण मांसतपासणीचा फायदा केवळ खाणाऱ्याच्या पोटापुरता नसतो. मेंढी-बोकडाच्या काळजात आणि फोपशात पाण्याने भरलेल्या गाठी सापडतात. ती हायडॅटिड नावाच्या फीतकृमीची अवस्था असते. अशा गाठीचे मटण खाऊन माणसाला तो रोग होत नाही. पण ते फोपसे खाटकाने बाहेर फेकले, कुत्र्याने खाल्ले की कुत्र्याच्या आतड्यात कृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून माती, पाणी, भाजीपर्यंत जातात आणि तिथून माणसाच्या यकृतात वा फुप्फुसात तशीच गाठ वाढू लागते. ती काढायला मोठी शस्त्रक्रिया लागते. हा रोग ज्याला होतो तो कदाचित आयुष्यभर शाकाहारी असेल. रस्सा कितीही उकळला तरी ही साखळी तुटत नाही. ती तुटते तपासणीच्या टेबलावर, जेव्हा डॉक्टर ते फोपसे बाजूला काढून नष्ट करायला लावतो. काळपुळीने मेलेले वा मरायला टेकलेले जनावर कापले गेले तर पहिला धोका सोलणाऱ्याच्या हातांना असतो. तासभर शिजवलेल्या मटणाच्या युक्तिवादात खाटीक आणि त्याचे कुटुंब कुठेच नसते. २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून कोल्हापुरात मोठे आंदोलन झाले, दुकाने बंद राहिली, तोडग्यासाठी बैठका झाल्या. ग्राहक इतका जागरूक असलेल्या या शहरात तशीच बैठक तपासणीच्या शिक्क्यासाठीही व्हायला हवी.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांकडून येतो आणि तो अधिक वजनदार आहे. डोळ्यांनी पाहून, हाताने दाबून, गाठींना छेद देऊन तपासण्याची पद्धत जर्मनीत रॉबर्ट फॉन ऑस्टरटाग यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शास्त्रशुद्ध झाली. जर्मनीचा मांसतपासणी कायदा १९०० चा, अमेरिकेचा १९०६ चा. तेव्हाचे शत्रू क्षय आणि कृमी हे होते, आणि ते डोळ्यांना दिसत. आज मांसातून होणाऱ्या आजारांत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जंतू पुढे आहेत आणि ते धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यातही असतात. सुरीने छेद देण्यातून उलट ते एका धडावरून दुसऱ्या धडावर पसरू शकतात. म्हणूनच युरोपीय संघाने २०१४ पासून डुकरांच्या नेहमीच्या तपासणीतले छेद देणे बंद करून ती केवळ नजरेची केली, आणि शेतावरून येणाऱ्या आरोग्याच्या नोंदींना अधिक महत्त्व दिले. मग पशुवैद्य हवाच कशाला, असे कुणी विचारेल. मला यातून उलटा निष्कर्ष निघताना दिसतो. धोका डोळ्यांना दिसेनासा झाला म्हणजे तो कुठे शिरतो, कसा वाढतो हे ठाऊक असलेल्या माणसाची गरज वाढते. फक्त त्याची जागा धडाच्या शेजारून थोडी मागे, गोठ्यात आणि पोल्ट्रीत, आणि थोडी पुढे, दुकानदाराच्या ओट्यापाशी सरकते. या दोन्ही ठिकाणी शिक्क्याहून शिकवणे उपयोगी पडते. आपल्याकडे क्षय आणि कृमी अजून संपलेले नाहीत, तेव्हा सुरीही इतक्यात खाली ठेवता येणार नाही.

प्रशिक्षणाची सोय कागदावर आहे. २०१७ साली प्राधिकरणाने फॉस्टॅक हा कार्यक्रम सुरू केला. अन्न हाताळणाऱ्या पंचवीस माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा ही त्यामागची कल्पना. दूध आणि मांस यांचे वेगळे अभ्यासक्रमही त्यात आहेत. हैदराबादची राष्ट्रीय मांस संशोधन संस्था याच विषयाला वाहिलेली आहे. अडचण आहे ती शिकवण्याच्या रीतीची. सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवून, प्रमाणपत्र हातात देऊन कोंबडीच्या दुकानातला मुलगा शिकत नाही. पिसे काढलेली कोंबडी ज्या बादलीत बुडवली त्याच पाण्यात दहावी कोंबडी बुडवली की पहिलीतले जंतू दहावीवर जातात, हे त्याला त्याच्याच बादलीपाशी दाखवावे लागते. आतडे फुटू न देता काढण्याचा हात, कापण्याची आणि विकण्याची फळी वेगळी ठेवणे, एकच फडके दिवसभर न वापरणे, मुंडी-पाय आणि वजडीची धुलाई मटणापासून लांब करणे, हे सगळे कामाच्या जागी, त्याच्या बोलीत, त्याच्या कसबाचा मान राखून सांगितले पाहिजे. पिढीजात खाटकाला जनावराच्या शरीराची जी ओळख असते ती पुस्तकी ज्ञानाहून कमी नसते. वेगळी दिसणारी गाठ त्याच्या नजरेला आधी पडते. ती पाहिल्यावर काय करायचे आणि कुणाला कळवायचे, एवढेच त्याला सांगायचे असते. हे सांगणारा जनावर जाणणारा असला तर त्याचे ऐकले जाते.

शिकवण्याचा दुसरा उपयोग संकटात कळतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. तिथल्या कोंबड्या नष्ट करण्याचे जोखमीचे काम पशुवैद्यांनी केले, पण भीती नवापूरपुरती राहिली नाही; रोग नसलेल्या भागांतही चिकन आणि अंड्यांचा खप कोसळला आणि पोल्ट्रीवाले बुडाले. २०२२ मध्ये जनावरांत लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा दूध प्यावे की नाही अशी शंका घरोघरी निघाली, जरी तो रोग माणसाला होत नाही. अशा वेळी ज्याच्या शब्दावर गाव विश्वास ठेवते असा डॉक्टर आधीपासून लोकांशी बोलत असावा लागतो.

आता राहिला मनुष्यबळाचा आक्षेप. आधीच दवाखान्यांत डॉक्टर कमी, त्यांना अन्नसुरक्षेत नेले तर आजारी जनावरांकडे कोण पाहणार, आणि हे काम अन्नतंत्रज्ञ किंवा रसायनशास्त्राचे पदवीधर करू शकणार नाहीत का? मिठाई, तेल, मसाले, बाटलीबंद पाणी यांची तपासणी ते उत्तम करतात आणि त्यांनीच करावी. आज पशुवैद्य अन्न सुरक्षा अधिकारी झाला तरी त्यालाही खव्यापासून खाद्यतेलापर्यंत सगळेच पाहावे लागते आणि त्याचे खास ज्ञान वाया जाते. वधापूर्वी जनावराचा ताप ओळखणे, लसिकाग्रंथी पाहून क्षयाचा संशय घेणे, उपचाराच्या नोंदीवरून औषधाचा अंश ताडणे ही कामे मात्र दुसऱ्या पदवीला जमणारी नाहीत. शिवाय दगडी आणि गर्भपात कमी झाले तर दवाखान्यावरचा भारही हलका होतो; प्रतिबंधावर घातलेला तास उपचारातून वजा होत नाही. निरीक्षक वाढले की चिरीमिरी वाढेल, ही भीतीही खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणून शिकवणारा आणि दंड करणारा यांचे अधिकार वेगळ्या हातांत ठेवावेत. पहिली भेट शिकवण्याची, दुसरी सुधारणा पाहण्याची, आणि तिसऱ्या भेटीला कारवाईचा अधिकार असलेला दुसरा अधिकारी, असा क्रम ठरवता येतो.

पशुवैद्यकाची पदवी आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची आहे. २००० साली स्थापन झालेल्या नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय पुणे-कोल्हापूर महामार्गावर शिरवळला आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या तरुणापुढे लोकसेवा आयोगातून पशुधन विकास अधिकारी होण्याची वाट स्पष्ट दिसते. अन्नसुरक्षेची वाट अंधूकच राहते, कारण तिच्यावर पुढे बढतीच्या पायऱ्या नाहीत. महापालिकेतला एखादा पशुवैद्य भटक्या कुत्र्यांपासून कत्तलखान्यापर्यंत सगळे सांभाळत निवृत्त होतो. हे बदलण्यासाठीच्या माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. कोल्हापूर महापालिकेने मांसतपासणी आणि प्रशिक्षण एवढेच काम असलेली पशुवैद्यकीय पदे निर्माण करावीत आणि आषाढासाठी जादा डॉक्टर आधीच नेमावेत. दूध संघांनी औषधोपचाराचे कार्ड आणि रोखलेल्या दुधाची भरपाई सुरू करावी. अन्न व औषध प्रशासनाने दूध-मांसाची जबाबदारी पशुवैद्यक पदवीधर अधिकाऱ्यांकडे वेगळी सोपवावी. विद्यापीठाने आंतरवासितेतला ठरावीक काळ या शहरातल्या कट्ट्यांवर, डेअऱ्यांत आणि मटणाच्या दुकानांत घालवायला लावावा. आणि ग्राहकांनी, ज्यांनी दरासाठी एकजूट दाखवली, त्यांनी पुढच्या वेळी दुकानात दराच्या फळ्याशेजारी तपासणीचा दाखला मागावा.